प्रोसेसर चार जणांना विचारून घेतात, बोर्ड मात्र दुकानदार देईल तो

मे २०२५. जळगावहून धाकट्या भावाचा फोन, रात्रीचे साडेदहा वाजलेले. "दादा, चाळीस मिनिटांचं लग्न संध्याकाळी पाचला एक्स्पोर्टला टाकलंय, अजून साठ टक्क्यांवरच आहे, आणि पार्टी उद्या सकाळी पेनड्राइव्ह न्यायला येणार." तो लग्नांचं शूटिंग-एडिटिंग करतो, लग्नसराईत त्याला जेवायला वेळ नसतो, आणि मे म्हणजे जळगावात ४४-४५ डिग्री. हाच कॉम्प्युटर जानेवारीत असलीच लग्नं अडीच-तीन तासांत काढून देत होता.

मशीन काही जुनं नव्हतं. इंटेलचा आय-सेव्हन १२७००, ३२ जीबी रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर मीच सांगितला होता, चार व्हिडिओ बघून, दोन मित्रांना विचारून, आठवडाभर विचार करून. बोर्डाबद्दल, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात त्या मदरबोर्डाबद्दल, मी काहीच बोललो नाही. दुकानदाराने बजेटमध्ये बसवायला एच६१० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) सगळ्यात स्वस्त बोर्ड टाकला, सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा तीच असल्यामुळे प्रोसेसर बसला, चालू झाला, सगळे खूश. ते आजही मनाला लागतं, कारण भावाने विश्वासाने विचारलं होतं आणि मी अर्धंच उत्तर दिलं.

दोन दिवसांनी शनिवार होता, गाडी पकडून जळगाव गाठलं. प्रोसेसरचा वेग, वॅट, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो टाकलं आणि एक्स्पोर्ट चालू करून बघत बसलो. पहिली चार-पाच मिनिटं झकास, सगळे मोठे कोअर ४.५ गीगाहर्ट्झच्या आसपास, प्रोसेसर दीडशे वॅटच्या वर खातोय. मग अचानक वॅट खाली, साठ-पासष्ट, क्लॉक म्हणजे वेग पण धाडकन खाली, पुन्हा थोडा वर, पुन्हा खाली. आणि गंमत म्हणजे प्रोसेसरचं तापमान ७० सुद्धा नाही. भाऊ म्हणाला, "म्हणूनच तर नवीन कूलर बसवला ना मार्चमध्ये, थंड आहे तरी हळू का?" आधी इंटेलचा डब्यातला कूलर होता, तो आवाज करायचा म्हणून त्याने मोठा टॉवर कूलर घेतला होता, आणि त्यानंतर काम आणखीनच मंद झालं होतं.

मी कॅबिनेटचं झाकण काढलं, हॉलमधला टेबलफॅन आणला, स्टुलावर ठेवला आणि सॉकेटच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यावर फुल स्पीडला सोडला. दोन मिनिटं गेली असतील. क्लॉक वर चढला तो चढलाच, परत खाली आला नाही. भाऊ स्क्रीनकडे बघतोय, मग फॅनकडे, मग माझ्याकडे. त्या कोपऱ्यात छोटे काळे चौकोनी तुकडे ओळीने बसवलेले होते, त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा एक पत्राही नव्हता, उघडेबोडके. सगळा दोष तिथे होता.

ते तुकडे म्हणजे व्हीआरएम. आपल्याकडे कॉम्प्युटर घेताना हा शब्द फार कमी जण काढतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. पॉवर सप्लाय मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट, फार तर १.४ च्या आसपास, आणि ते सुद्धा क्षणाक्षणाला बदलणारे. १२ चे सव्वा करायचं काम हा व्हीआरएम करतो, त्यात मॉसफेट असतात, चोक असतात, कपॅसिटर असतात. आता हिशोब बघा, १२७०० ची कमाल टर्बो पॉवर १८० वॅट, १.३ व्होल्टने भागलं तर जवळजवळ १४० अँपिअर. आपला बाथरूममधला २ किलोवॅटचा गीझर ८-९ अँपिअर घेतो. म्हणजे गीझरच्या पंधरापट करंट तळहाताएवढ्या जागेतून जातोय. त्यातली थोडी जरी ऊर्जा उष्णता झाली तरी ते तुकडे शंभर डिग्रीच्या वर जायला वेळ लागत नाही, आणि तसं झालं की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरला सांगतो, बाबा, कमी घे. प्रोसेसर निमूट कमी घेतो. कॉम्प्युटर बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त काम रेंगाळतं, आणि माणूस समजतो की प्रोसेसरच खराब.

टॉवर कूलरने परिस्थिती बिघडली ती कशी, तर डब्यातल्या कूलरचा पंखा वरून खाली बोर्डावर हवा मारतो, त्यामुळे व्हीआरएमला फुकटात वारा मिळत होता. टॉवर कूलर हवा पुढून मागे ढकलतो, प्रोसेसर थंड झाला आणि शेजारी उकडायला लागला.

मग केलं काय? प्रोसेसर बदलला नाही, रॅम बदलली नाही. फक्त बोर्ड बदलला. डीडीआर४ रॅम चालणारा बी७६० चिपसेटचा, दोन्ही बाजूंना जाड हीटसिंक असलेला. जुन्यापेक्षा पाच-सहा हजारांनी महाग. तीन वर्षांपूर्वी एवढेच जादा घातले असते तर दोन सीझनचा त्रास वाचला असता. विंडोजचं लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं हे पण लक्षात असू द्या, बोर्ड बदलला की ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं. भावाचं रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं लायसन्स होतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं होतं म्हणून दहा मिनिटांत सुटलं, मशीनबरोबर आलेलं ओईएम असतं तर नवीन घ्यावं लागलं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोर्ड बसला. टेबलफॅन परत आईच्या खोलीत गेला.

हे सगळं झाल्यावर ऑगस्टमध्ये भाचीचा नंबर लागला, पुण्यात आर्किटेक्चरला आहे, लॅपटॉप रडायला लागला होता, आणि गणपतीच्या सुट्टीत डोंबिवलीला माझ्याकडे येऊन आपण दोघांनी मिळून कॉम्प्युटर जोडायचा असं ठरलं. या वेळी मी पहिल्या दिवसापासून प्रोसेसर आणि बोर्ड एकाच कागदावर लिहिले. वेगळे लिहिलेच नाहीत. माझं आता ठाम मत झालंय की ही एकच खरेदी आहे, बाकी सगळं नंतर बदलता येतं, रॅम वाढवता येते, कार्ड टाकता येतं, एसएसडी जोडता येते, पण ही जोडी चुकली की सगळं उलगडून परत बसवावं लागतं.

पहिला प्रश्न कंपनीचा नाहीच, कामाचा आहे. "एएमडी चांगला की इंटेल?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं, आणि मी उलटा विचारतो, तू करणार काय त्यावर? भावाचंच बघा. त्याचा कॅमेरा एच.२६५ मध्ये १० बिट ४:२:२ रेकॉर्ड करतो, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओ. हा फॉर्मॅट टाइमलाइनवर टाकला की भलीभली मशीन अडखळतात, कारण तो हार्डवेअरमध्ये उलगडता आला पाहिजे, आणि एनव्हीडियाच्या कार्डांना तो २०२५ च्या ५० सिरीजच्या आधी उलगडता येत नव्हता. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला मात्र डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून येतो, क्विक सिंक म्हणतात त्याला. म्हणून त्याला इंटेलच योग्य होता, आणि तो सुद्धा एफ नसलेला. १२७०० ऐवजी १२७००एफ घेतला असता तर दीड-दोन हजार वाचले असते आणि ते ग्राफिक्सच गेलं असतं. गेमिंग करणाऱ्या मुलाला एफ उत्तम, वेगळं कार्ड असतंच. लग्नवाल्याला एफ म्हणजे नुकसान. प्रोसेसर तोच, एका अक्षराचा फरक.

त्यामुळे नावातली अक्षरं वाचायला शिका, खरंच. इंटेलमध्ये एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही, के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, आणि डब्यात बहुतेक वेळा कूलर नसतो. एएमडीत जी म्हणजे ग्राफिक्स जोरदार पण बऱ्याचदा कॅशे (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) कमी, ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅशे आहे तर ५६००जी ला १६, एक्स३डी म्हणजे कॅशेचा एक जादा थर लावलेला, गेमसाठी भन्नाट, हिशोबाच्या कामाला तेवढा फरक नाही. एएम४ सॉकेटमधल्या ५६०० ला डिस्प्ले आउटपुटच नाही, कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहणार, आणि असे फोन मला येतात, "सगळं लावलं, पंखे फिरतायत, डिस्प्ले येत नाही." बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे चित्र येईलच असं नाही, चित्र प्रोसेसरमधून येतं, बोर्ड फक्त दार देतो.

अक्षरांच्या आधीचा आकडा तर त्याहून महत्त्वाचा. सोसायटीतल्या एका काकांनी नातवासाठी ऑनलाइन कॉम्प्युटर मागवला, "आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी, नवीन", चौदा हजार. मला दाखवायला बोलावलं. टास्क मॅनेजर उघडला तर आय-फाइव्ह ३४७०. हा २०१२ चा प्रोसेसर आहे, चार कोअर चार थ्रेड, डीडीआर३ रॅम, आणि बोर्ड कोणत्या तरी अनोळखी नावाचा नवा बनवलेला, सॉकेट मात्र २०११ चं. विंडोज ११ ला अधिकृतपणे ८वी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. याला सरळ फसवणूकही म्हणता येत नाही, विकणाऱ्याने आय-फाइव्ह म्हटलं होतं आणि तो आय-फाइव्हच होता. पण पेन्शनच्या पैशातले चौदा हजार होते ते, आणि मला फार वाईट वाटलं. आय-फाइव्ह हे काही प्रोसेसरचं पूर्ण नाव नाही. पुढचे चार-पाच आकडे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, कोणालाच.

आता सॉकेट. भाचीसाठी माझ्यासमोर चार वाटा होत्या.

एएम४ सगळ्यात स्वस्त. हे सॉकेट एएमडीच्या रायझन प्रोसेसरांबरोबर २०१७ पासून चालू आहे आणि एएमडीने ते जसं निभावलं तसं दुसऱ्या कोणी निभावलेलं मला माहीत नाही, २०१७ च्या बी३५० बोर्डांवर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चालतो. माझ्या स्वतःच्या घरी अजून एएम४ आहे. बजेट अगदीच कमी असेल, जुनी डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर आजही ५६०० आणि बी५५० बोर्ड घ्या, मनात काही न ठेवता घ्या. पण रस्ता तिथेच संपतो, पुढे नवीन प्रोसेसर त्यात बसणार नाही.

इंटेलचं एलजीए १७००, म्हणजे १२, १३, १४वी पिढी. याची चांगली गोष्ट ही की बोर्ड डीडीआर४ चा पण मिळतो आणि डीडीआर५ चा पण, आणि १२४०० सारखा साधा सहा कोअरवाला प्रोसेसर घरच्या नव्वद टक्के कामांना पुरून उरतो. १३ आणि १४ च्या वरच्या मॉडेल्समध्ये अस्थिरतेचा प्रॉब्लेम निघाला होता, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायचा आणि हळूहळू खराब व्हायचा, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे या पिढीचा घेत असाल तर पहिल्याच दिवशी, गेम टाकायच्या आधी, बायोस अपडेट. १२व्या पिढीला हा त्रास नाही, भावाचा १२७०० त्यामुळे सुरक्षित.

एलजीए १८५१ वर कोअर अल्ट्रा २०० आले ऑक्टोबर २०२४ मध्ये, फक्त डीडीआर५. वाईट नाहीत, पण इंटेल साधारण दोन-तीन पिढ्यांत सॉकेट बदलतं हा इतिहास आहे, आणि भाचीचं शिक्षण पाच वर्षांचं.

म्हणून एएम५. सप्टेंबर २०२२ ला आलेलं, आणि एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवायचा शब्द दिलाय. रायझन ७०००, ८०००, ९००० तिन्ही त्यातच बसतात. आर्किटेक्चरच्या मुलांचं काम दोन तऱ्हेचं असतं, रेव्हिट आणि स्केचअपमध्ये मॉडेल करताना एकाच कोअरचा वेग लागतो, सोळा कोअर असले तरी बाकीचे बसून राहतात, आणि शेवटी रेंडर करताना ग्राफिक्स कार्ड लागतं. पहिल्या वर्षी कार्डाचे पैसे नव्हते. ८६००जी घ्यावा का यावर दोन दिवस आमची चर्चा चालली, त्याचं अंगचं ग्राफिक्स खरंच चांगलं आहे. पण वर्षभराने कार्ड येणारच होतं, मग ते ग्राफिक्स झोपून राहणार आणि अर्धी कॅशे मात्र कायमची हातात राहणार. ७६०० ला ३२ एमबी कॅशे आहे, ६५ वॅटचा आहे, डब्यात कूलर येतो, आणि एएम४ च्या ५६०० सारखं नाही, याला मॉनिटर चालवण्यापुरतं छोटंसं ग्राफिक्स आहे. रायझन ५ ७६०० ठरला.

आणि बोर्ड बी६५०, मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा. इथे दोन गोष्टी सांगतो ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक, चिपसेटचं नाव म्हणजे बोर्डाची प्रत नव्हे. चिपसेट सांगतो की किती यूएसबी, एसएसडीचे एम.२ स्लॉट किती, ओव्हरक्लॉकिंग आहे की नाही. एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट आणि रॅमचा वेग वाढवता येत नाही, बी७६० ला येतो, झेड७९० हवा असेल तर के वाला प्रोसेसर असेल तरच त्याला अर्थ. एएमडीत ए६२०, बी६५०, एक्स६७०, नंतर आलेले बी८५० आणि एक्स८७०. मधेच बी८४० आहे, नाव बी६५० पेक्षा मोठं, प्रत्यक्षात त्याच्या खालचा, आकड्यावर जाऊ नका. पण व्हीआरएम कसा आहे हे यातलं कुठलंच नाव सांगत नाही. बी७६० मध्ये सुद्धा उघडेबोडके बोर्ड मिळतात. त्यासाठी फोटो बघायचा, सॉकेटच्या डावीकडे आणि वर धातूचे ठोकळे आहेत का, आणि भावाच्या १२७०० सारखा जास्त वॅट खाणारा प्रोसेसर टाकायचा असेल तर ते हवेतच. विदर्भ-खानदेशात राहत असाल आणि खोलीत एसी नसेल तर साध्या प्रोसेसरला सुद्धा घ्या, परदेशातले बहुतेक रिव्ह्यू २०-२२ डिग्रीच्या खोलीत केलेले असतात, आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३८-४० असते, सुरुवातच तिथून होते.

दोन, रॅमचे चार स्लॉट बघून भुलू नका. डीडीआर५ मध्ये चार काड्या टाकल्या की वेग बराच खाली येतो, रायझन ७००० ला चार काड्यांसाठी अधिकृत वेग ३६०० च आहे, दोन काड्यांवर ५२००, आणि एक्सपो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग चालू करायची बायोसमधली सोय, चालू केलं की ६००० सहज. म्हणून "आत्ता दोन टाकू, पुढच्या वर्षी अजून दोन" हा डीडीआर४ च्या काळातला हिशोब इथे बसत नाही. आणि ८ जीबीच्या काड्या घेऊ नका, डीडीआर५ मध्ये त्या आतून अर्ध्याच भरलेल्या असतात, हळू चालतात. १६ च्या दोन, एकाच पाकिटातल्या, विषय संपला. आम्ही ऑगस्टमध्ये घेतल्या ते नशीब, पुढच्या दोन-तीन महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरमुळे रॅमचे भाव असे चढले की आता नवीन माणसाला सल्ला देताना आधी त्याच्याकडे जुनी रॅम कुठली आहे ते विचारावं लागतं आणि त्यावरून सॉकेट ठरवावं लागतं. उलटी गंगा आहे, पण सध्या आहे.

बाकी बोर्डावर काय बघायचं ते पटापट. मागे यूएसबी किती आहेत ते मोजा, कीबोर्ड, माउस, यूपीएस, प्रिंटर, पेन टॅब्लेट, तिथेच पाच झाले, स्वस्त बोर्डावर सहाच असतात. वाय-फाय आहे की नाही ते बोर्डाच्या नावात लिहिलेलं असतं, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला ते हवंच. एम.२ चे दोन स्लॉट. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर दोन पैसे जास्त द्या, कारण दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचा बायोस जुना असतो, नवीन प्रोसेसर तो ओळखत नाही, आणि हे बटण असलं तर प्रोसेसर न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. आणि चार छोटे दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. हे दिवे असलेला बोर्ड घ्या. काहीतरी अडलं तर कुठे अडलं ते कळतं, नाहीतर अंधारात चाचपडणं.

खरेदी ऑनलाइन नाही केली. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड, मुंबईचा कॉम्प्युटर बाजार. मी कॉलेजपासून जातोय तिथे, भाची पहिल्यांदा. दुकानदाराने प्रोसेसरचे दोन भाव सांगितले, बॉक्स आणि ट्रे. ट्रे म्हणजे खोक्याशिवाय, कूलरशिवाय, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही, दुकानाची एक वर्षाची. फरक बाराशे रुपये. बॉक्स घेतला, आणि जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर दोन्हींचे सीरियल नंबर. काही जण १८ टक्के वाचवायला कच्च्या बिलावर घेतात, नका घेऊ, वॉरंटीच्या वेळी तो कागद कामाला येत नाही.

आणि पैसे देण्याआधी बोर्डाचं खोकं काउंटरवरच उघडून घेतलं. हे दरवेळी करा, दुकानदार नाक मुरडला तरी करा. एएम५ ला आणि इंटेलला पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही, एएम५ ला १७१८. त्यावर काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते काढून मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. सरळ पिना असल्या की सगळीकडून एकसारखी चमक येते, पैठणीच्या पदरावर उजेड सरकावा तशी, टॉर्च हलवला की चमक पण सरकते. एखादी पीन वाकली असेल तर तिथे एक मंद ठिपका दिसतो, चमक तिथे अडते. भाचीला दाखवलं, तिने स्वतः टॉर्च घेतला, तीन-चार बाजूंनी फिरवला, एकही ठिपका नाही. फोटो काढून ठेवला, तारखेसकट, आणि झाकण परत लावलं. वाकलेली पीन कंपन्या सहसा वॉरंटीत घेत नाहीत, आणि "तुमच्याकडूनच वाकली" म्हटलं की आपल्याकडे पुरावा काय?

जोडणी घरी, डायनिंग टेबलवर, बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून. प्रोसेसर तिनेच बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, वरून सोडायचा, दाबायचा अजिबात नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो. मग लोखंडी चौकट, मग दांडी, आणि दांडी खाली आणताना जोर लागतो, करकर आवाज येतो, तिथे सगळे घाबरतात. ती पण थांबली. "मामा, तुटेल का?" म्हटलं नाही, तो आवाज होणारच, दाब सारखा पडतोय त्याचा आवाज आहे तो. दांडी अडकली, काळं झाकण टप्पकन उडून बाजूला पडलं. (ज्यांचं अजून एएम४ आहे त्यांनी उलटं लक्षात ठेवा, तिथे पिना प्रोसेसरवर असतात, आणि कूलर काढताना सरळ वर ओढला तर मधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर पण सॉकेटमधून उपटून येतो. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग कूलर हलकेच पिळत पिळत सोडवा.)

रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, पहिल्या-दुसऱ्यात नाही. सगळं लावून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी, आणि डीरॅमचा दिवा पिवळा पेटून राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. "बंद करून परत लावू का?" "थांब, हात लावू नकोस." डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग करतो, बोर्ड आणि रॅम एकमेकांची नाडी बघत असतात, त्याला काही मिनिटं लागतात, आणि इथेच लोक घाबरून बटण दाबतात, मग सगळं पहिल्यापासून. दीदीने, म्हणजे माझ्या बहिणीने, तेवढ्यात सगळ्यांचा चहा टाकला. चौथ्या मिनिटाला दिवा विझला आणि बायोसची स्क्रीन आली. एक्सपो चालू केलं, रॅम ६००० वर, परत एकदा तेवढंच थांबणं, मग विंडोज.

डिसेंबरमध्ये तिने शिष्यवृत्तीच्या पैशातून ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि स्वतःच बसवलं, मला फोटो पाठवला. बोर्डाचं खोकं फेकू नकोस म्हणून सांगितलं होतं, ते तिच्या खोलीच्या माळ्यावर आहे, आत बिल, आणि ते काळं झाकण. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर पिनांवर लावायला तेच झाकण लागतं.